भाचीची नाळ

प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर सगळे बाळाची वाट बघत होते आणि धाकटी नाळेची. मांडीवर बर्फाचा डबा घेऊन बसलेल्या या लेकीकडे आई मधूनच डोळे वटारून बघायची.

"लोक बाळ बघायला येतात, ही नाळ न्यायला आलीय," ती जावयाला म्हणाली.

"ताईनं हो म्हटलंय, डॉक्टरांनीही," धाकटी म्हणाली. "नाहीतरी फेकूनच देतात ना?"

धाकटी रक्तवाहिन्यांवर संशोधन करायची. वाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. त्या एकमेकींना घट्ट धरून बसतात, म्हणून रक्त बाहेर झिरपत नाही. त्या एकमेकींना निरोप कसे देतात, ते तिला बघायचं होतं. आणि नाळेतल्या शिरेत अशा पेशी हमखास मिळतात.

मुलगी झाली. धाकटीनं भाचीचं तोंड पाहिलं न पाहिलं, आणि नाळ डब्यात घेऊन धूम ठोकली.

प्रयोगशाळेत तिनं शिरेतल्या पेशी सोडवून काचेच्या बशीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर नुसता लालसर गढूळपणा. पेशी मेल्या, असंच तिला वाटलं. नाळ दुसरीही मिळाली असती, पण ही भाचीची होती.

"तोंड कशाला पाडतेस?" तिचे सर म्हणाले. "आधी वरचं रक्त तर धुऊन काढ."

तिनं हलक्या हातानं धुतलं. तळाशी थोड्या पेशी चिकटून बसल्या होत्या! हळूहळू त्या वाढल्या, एकमेकींना भिडल्या आणि बशीत फरशी बसवल्यासारख्या दिसू लागल्या.

ताई बाळाला घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडली ती आईसोबत थेट प्रयोगशाळेतच आली. धाकटीनं पेशींत निरोप पोचला की चमकणारा रंग घातला होता. काचेच्या बारीक सुईनं तिनं एकीला हलकेच डिवचलं. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर ती पेशी उजळली. मग तिची शेजारीण, मग तिच्या पलीकडची.

"बाकीच्यांना कुणी सांगितलं?" ताईनं विचारलं.

"पहिलीनंच. अंगाला अंग लागतं तिथं बारीक वाटा असतात, त्यातून निरोप जातो."

आई चष्मा पुसून पडद्याजवळ गेली. "म्हणजे एकीला बोट लावलं की गल्लीभर बोभाटा. आणि या सगळ्या आपल्या बाळाच्या?"

"सगळ्या."

"मग फार टोचू नकोस त्यांना."

ताईला हसू आवरेना. त्या आवाजानं बाळ दचकून रडायला लागलं, तशी धाकटीनं हातमोजे काढले आणि भाचीला कुशीत घेतलं.