बिअरच्या तळघराचे दार

मी एक जुने दार आहे, मित्रांनो. जर्मनीत, बव्हेरियातल्या एका गढीखाली खडक खोदून बिअरचे तळघर केले, त्याला मला बसवले. गढीच्याच रानातले ओकचे लाकूड, दोन फळ्यांत ठासलेला पेंढा, गावच्या लोहाराच्या बिजागऱ्या. काम एकच, बंद राहायचे.

हिवाळ्यात तळ्यातला बर्फ आत रचत. वर चेस्टनटची झाडे सावली धरत. वसंतात निजवलेली पिंपे चर्चच्या जत्रेपर्यंत गार ठेवायची, ही माझी जबाबदारी. बिअर करणारे जुने उस्ताद आलोइस मला खांद्याने लोटून लावत आणि वर एक थाप देत. आता त्यांची मुलगी वाल्बुर्गा बिअर करते.

पुढे गढीचे छप्पर गळू लागले. खर्च निघावा म्हणून मालकीणबाई ओटिली तळघर पाहुण्यांना दाखवू लागल्या. पाहुणे नेमके माझ्या उंबरठ्यावर फोटोला उभे राहतात.

"बाईसाहेब, हे दार आहे, कमान नाही. लावायचं असतं," वाल्बुर्गा म्हणाली.

"अंधारात फोटो येत नाहीत हो. थोडा वेळ उघडं राहिलं तर काय बिघडतंय?"

"बिअर बिघडते."

ऑगस्टच्या उन्हात एक वऱ्हाड आले. वाल्बुर्गा बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेली बघायला गेली होती. कुणीतरी माझ्याखाली पाचर ठोकली आणि सगळे जेवायला गेले. दुपारभर गरम वारा माझ्यादेखत आत जात राहिला. मला हात असते तर!

जत्रेला सारे गाव बाकांवर बसले होते. वाल्बुर्गाने पहिले पिंप उघडले. म्हाताऱ्या कोर्बिनियानने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"पोरी, आंबट झालीय. कोबी मुरवायला बरी आहे."

कुणी हसले नाही. तिने सगळी पिंपे ओढ्यात ओतली. गावाने शेजारच्या गावातून बिअर आणली. आलोइस बाकावर मान खाली घालून बसले होते.

मालकीणबाईंना खरेच वाईट वाटले. म्हणून त्यांनी काय केले? गारव्याचे यंत्र आणले, आणि मला भिंतीला आकड्याने अडकवून कायमचे उघडे ठेवले. माझ्या आतल्या अंगावर पितळी पाटी: 'ऐतिहासिक दार'. यंत्र दिवसभर धापा टाकते.

"आता तरी लावू का?" वाल्बुर्गाने विचारले.

"मग पाटी कशी दिसणार?"

मित्रांनो, आत पुढच्या जत्रेची पिंपे निजली आहेत. मला बघायला जरूर या. पाटी वाचा, फोटो काढा, माझे वय विचारून तोंडात बोटे घाला. पण जाताना तो आकडा तेवढा काढा, आणि मला लोटून लावा.