आत जाणारी हवा

मंगळवारी सकाळी टेबलावर बारा वस्तू होत्या. संगणकाचा प्रोसेसर थंड ठेवणारा हवेचा एक कूलर, त्याचे सुटे दोन पंखे, पंप आणि नळ्यांसकट पाण्याचा एक संच, त्याचेही दोन पंखे, प्रोसेसरवर लावायच्या पेस्टची ट्यूब, पेचकस, स्पिरिटची बाटली, कापसाची गुंडाळी, कॉलेजात घेतलेला काचेचा थर्मामीटर आणि स्क्रूची डबी. डबीत आठऐवजी सातच स्क्रू होते. आठवा आईला झाडताना सापडला.

वितळलेल्या लोखंडात वायूचे बुडबुडे कसे चढतात, याचं गणित मला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवायचं होतं. पाठवलं तरच मुलाखत. प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर, ४.९ गिगाहर्ट्झवर चालला तर सहासष्ट तास लागणार होते. पण पंचाण्णव अंशांना तो स्वतःला वाचवायला ३.६ वर उतरतो, आणि मग नव्वद तास. तेवढे माझ्याकडे नव्हते.

आधी हवेचा कूलर लावला. अठराव्या मिनिटाला पंचाण्णव अंश.

बाबा दारात उभे राहून बघत होते. पोलाद कारखान्यात, भट्टीला थंड पाणी पुरवणाऱ्या विभागात त्यांची तेहतीस वर्षं गेली.

"हवेनं भट्टी थंड झाली असती तर आमाले नोकरीच लागली नसती," ते म्हणाले.

पाण्याचा संच माझी मैत्रीण निशा हिचा होता. तो लावला. विसाव्या मिनिटाला सत्याऐंशी. बाबांनी आईला चहा टाकायला सांगितलं आणि भट्टीच्या गोष्टी सुरू केल्या. चहा संपला तेव्हा ब्याण्णव होते. पन्नासाव्या मिनिटाला पंचाण्णव झाले आणि वेग पडला.

मी वहीत आकडा लिहिला. बाबांनी चष्मा लावून वही ओढून घेतली. कामावर दर तासाला प्रत्येक नळीचे दोन आकडे लिहायचे, पाणी आत जातानाचा आणि बाहेर येतानाचा, ही त्यांची सवय अजून गेलेली नाही.

"तू आउटच लिहून राहिली," ते म्हणाले. "इन किती?"

इन मी मोजलंच नव्हतं. खोलीत बत्तीस अंश आहेत, म्हणजे आत जाणारी हवाही बत्तीसचीच, असं धरून चालले होते.

संगणक भिंतीतल्या कपाटात होता. कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टर ६ मध्ये, खिडकीच्या कठड्यावर रोज काळसर लाल धूळ बसते, म्हणून टीव्ही, मिक्सर, सगळंच आई कपाटात ठेवते. पंख्यापुढे थर्मामीटर धरला. सत्तेचाळीस. आपलीच सोडलेली गरम हवा संगणक पुन्हा आत ओढत होता. पाणी उष्णता वाहून नेतं, पण शेवटी सोडतं ती हवेतच. पाण्यानं फक्त उशीर केला होता.

संगणक बाहेर काढायचा म्हटल्यावर आई आडवी आली. धूळ काय तुझे नागपूरवाले येऊन पुसणार आहेत, असं तिनं विचारलं. मग तिनंच जुनी नायलॉनची ओढणी कापली, भरतकामाच्या चौकटीत ताणून बसवली आणि पुढच्या जाळीवर बांधून दिली.

बाहेर, ओढणीसकट, दोन्ही पुन्हा मोजले, प्रत्येकी एक तास. पाणी ब्याऐंशी. हवा शहाऐंशी. दोन्ही मर्यादेच्या आत.

चार अंश पाण्याकडे होते. मी संच तसाच ठेवणार होते, पण बाबा पंपाला कान लावून बसले.

"पंखा थांबला तर डोळ्याले दिसते. हा थांबला तर कोणाले सांगून थांबत नाही. सहासष्ट तास तू याच्यापाशी बसशील काय?"

"मग पाणी हरलं म्हणू?"

"पाणी कायले हरते. माणूस नेमला असता तर जिंकलं असतं."

ते उठले. मी पाण्याचा संच काढला, पेस्ट स्पिरिटनं पुसली, हवेचा कूलर आठही स्क्रूंनी बसवला. चार वाजून चाळीस मिनिटांनी गणित सुरू केलं. पुढचे तीन दिवस बाबांनी वहीत दर तासाला दोन आकडे लिहिले. झोपेच्या वेळचे रकाने त्यांनी प्रामाणिकपणे कोरे सोडले. आईनं ओढणी दोनदा झटकली.

शुक्रवार, सकाळी १०:४३. इन ३२. कमाल ८७. वेग ४.९, एकदाही कमी नाही. सहासष्ट तास तीन मिनिटांत गणित पूर्ण.