समजा, एका पिशवीत दहा बटणं आहेत

मी पिशवी बोलतेय, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते: मला भोक नाही. नव्हतं आणि आजही नाही. हे मी या घरातल्या माणसांच्या कानीकपाळी ओरडले, पण एकानेही विश्वास ठेवला नाही. पिशवीचं ऐकतं कोण? पिशवीत हात घालायचा असतो, तिला विचारायचं थोडंच असतं!

माझं कापड तसं जुनं. वीस वर्षं मी एका वकिलाच्या काळ्या कोटाचं अस्तर होते. तो धडधडीत खोटं बोलायचा आणि त्याची छाती जरासुद्धा धडधडायची नाही, हे मला आतून कळायचं. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासूनच बरं नाही. पुढे तो कोट विटला आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे येऊन पडला. तिने अस्तर सोडवून मला कापलं, दुहेरी शिवण घातली, तोंडाशी नाडी ओवली. हात चांगला तिचा, खोटं कशाला बोलू? टाका असा घट्ट की दाताने तोडायला गेलात तर दात हलेल. शिक्षण म्हणाल तर मला दहापर्यंत मोजता येतं. या घरातल्या विद्वानांना तेवढंही जमलं नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत बाकी सगळा संसार. ती शिवणारी बाई म्हणजे आई. तिची मुलगी थोरली. धाकटी कधीच लग्न होऊन गेली, तरी हिला अजून थोरलीच म्हणतात. थोरली औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला. आठ तास उभं राहून खोक्यांत बाटल्या भरायच्या. वय तिशीचं आणि पोटऱ्या साठीच्या. शिरा नुसत्या दोरखंडासारख्या फुगलेल्या.

त्या कारखान्यात तपासनिसाची जागा निघाली. तपासनिसाने खुर्चीत बसून माल बघायचा आणि खोक्यावरची चिठ्ठी खरी की खोटी ते ठरवायचं. खुर्चीत बसून! पण त्यासाठी परीक्षा होती. सांख्यिकी आणि संभाव्यतेचा पेपर, मग प्रात्यक्षिक. तीनदाच बसू देतात. थोरली दोनदा आपटलेली. ही शेवटची. ही गेली की पाय देतील साथ तोवर पॅकिंग.

म्हणून मामा आला. आईचा धाकटा भाऊ. शाळेत कारकून होता, पण तीस वर्षं गणिताच्या मास्तरांच्या शेजारी टेबल होतं, त्यामुळे स्वतःला गणिती समजतो. अशाने मशीनच्या शेजारी ठेवलेली खुर्चीही शिंपी व्हायला हवी.

"ताई, हिला यंदा पास करूनच जातो बघ," असं म्हणत त्याने बॅग ठेवली आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

पहिल्या दिवशी त्याने मध्य, मध्यक आणि बहुलक घेतलं. आई मशीनवरून ऐकत होती. म्हणाली, "सरासरी मापाचा शर्ट शिवला ना, तर एकाच्या काखेत रुततो आणि दुसऱ्याच्या गुडघ्याला येतो. घालायला कोणालाच होत नाही."

थोरली खुदकन हसली. मामा नाही हसला. "ताई, तू मशीन चालव."

दुसऱ्या दिवशी संभाव्यता. आता पुस्तकात जिथे तिथे पिशवी. पिशवीत चेंडू, पिशवीत गोट्या, पिशवीत चिठ्ठ्या. एवढ्या पिशव्या आणि आत नीट बघणारा माणूस एक नाही! मामा म्हणाला, पिशवीशिवाय हे डोक्यात शिरायचं नाही. म्हणून मला शिवलं. आत सहा लाल बटणं आणि चार पांढरी, निळ्या कडेची. मामाने मला वर धरून हलवलं आणि म्हणाला, "समजा, एका पिशवीत दहा बटणं आहेत."

समजा! हा शब्द त्या माणसाच्या तोंडी दिवसातून शंभरदा. त्याचे अर्थ दोन. एक म्हणजे समजून घ्या. दुसरा म्हणजे खरं असो नसो, धरून चाला. मामाचा सगळा कारभार दुसऱ्या अर्थावर चालायचा आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं तो पहिला सांगतोय.

तिसऱ्या दिवशी तो "नमुना अवकाश म्हणजे काय" हे दोन्ही हात फाकून सांगत होता. पोट पुढे, श्वास भरलेला. शर्टाचं दुसरं बटण तुटलं आणि टण्णकन खिडकीबाहेर गेलं.

"गेलं अवकाशात," थोरली म्हणाली आणि डबा उचलून कामाला पळाली.

मामा शर्ट काढून बनियनवर बसला, तोंडासमोर वर्तमानपत्र. आईने पांढरं बटण शोधलं. बटणांचा डबा कपाटावर, वर. मी हाताशी. तिने माझी नाडी सोडली, दोन बोटं आत घातली, निळ्या कडेचं एक पांढरं काढलं आणि शर्टाला लावून टाकलं. "एका बटणाने काय होतंय," असं पुटपुटली. मामाने वर्तमानपत्र खाली केलं नाही. त्याला बटण लागल्याशी मतलब.

आता माझ्यात नऊ. सहा लाल, तीन पांढरी.

संध्याकाळी थोरली आली, पाय बादलीत सोडले आणि मला मांडीवर घेतलं. अभ्यास असा: न बघता एक बटण काढायचं, रंग वहीत टिपायचा, बटण परत टाकायचं, मला हलवायचं, पुन्हा काढायचं. असं शंभरदा. ताळ्याच्या खुणा करायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी. खुणा इतक्या नेटक्या की शिवणीचे टाकेच बघावेत.

"शंभरात साठ लाल यायला हवीत," मामाने आधीच सांगून ठेवलं होतं. "थोडं इकडेतिकडे चालतं."

आली अडुसष्ट.

"चालतं," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पासष्ट. मग सत्तर. मग चौसष्ट, सदुसष्ट, पुन्हा अडुसष्ट. सहा दिवसांत सहाशे वेळा काढलं आणि लाल आली चारशे दोन. थोरलीने बेरीज दोनदा केली.

"मामा, एकदा तरी साठच्या खाली यायला नको का?"

"योगायोग."

"सहाच्या सहा दिवस?"

"त्यालाच योगायोग म्हणतात."

"सहाशेत तीनशे साठ हवी होती. बेचाळीस जास्त आहेत. मामा, आत दहा नाहीतच असं वाटतं."

आता बघा. त्या पोरीने डोळे मिटून, वहीतल्या रेघांवरून, माझं पोट ओळखलं होतं! दोनदा नापास झालेली पोरगी. मी तर आनंदाने उसवायचीच बाकी होते. आता फक्त मला उलटी करायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

मामाने हात आडवा धरला. "पिशवी उलटी करायची नाही. आत बघितलं की प्रयोग बाद. आत दहा आहेत, मी सांगतोय ना? चूक तुझ्या हातात आहे. लाल बटणं जरा लहान आहेत, ती तुझ्या बोटांना सापडतात. तू नकळत चाचपून काढतेस."

मशीन थांबलं. आई म्हणाली, "अरे, त्या पिशवीतलं..."

"ताई, हे गणित आहे. शिवण नाही."

आईने खाली बघितलं. पाय पुन्हा पायट्यावर ठेवला. मशीन सुरू झालं.

त्या दिवसापासून थोरली आपल्या हाताकडे परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तशी बघायला लागली. आधी डावा हात वापरला. मग कारखान्यातले हातमोजे आणले. मग बोटांना चिंध्या गुंडाळल्या. लाल सहासष्ट. लाल एकोणसत्तर. "माझा हातच लबाड आहे," असं म्हणून तिने स्वतःच्या हातावर चापट मारली. मामा वर म्हणतो, "शाब्बास. चूक मान्य करणं ही पहिली पायरी."

आणि आई? तिला शिवताना स्वतःशी पुटपुटायची सवय आहे. मी मशीनच्या खुंटीला लटकलेली, सगळं ऐकत होते. तोपर्यंत डबा खाली काढलेला, तिच्या पायाशीच होता. एका दुपारी घरात कोणी नसताना तिने त्यातून पांढरं बटण उचललं, माझी नाडी सोडली आणि थांबली. "आता टाकलं तर आकडे बदलतील," ती पुटपुटली. "पोरगी हुशार आहे. लगेच विचारेल, काल का नव्हतं म्हणून." आणि बटण परत डब्यात.

म्हणजे सरासरी, संभाव्यता, सगळं या बाईला कळत होतं! मामाच्या सात पिढ्यांना कळलं नसतं इतकं कळत होतं.

परीक्षा झाली. थोरली दुपारीच घरी आली. चपला न काढता मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. मामाने विचारलं, "पेपर?"

"पेपर चांगला गेला."

"मग तोंड का असं?"

"प्रात्यक्षिक." तिने पाणी मागितलं नाही, स्वतःच उठून प्यायली, मग सांगायला लागली. एकच बंद खोकं ठेवलं होतं, एकेकाने पुढे जायचं. वर हात जाईल एवढं तोंड. चिठ्ठीवर लिहिलेलं, आत दहा झाकणं, त्यांतली चार तडकलेली. पन्नास वेळा काढून बघायचं आणि चिठ्ठी बरोबर वाटली तर सही करायची.

"पन्नासात वीसदा तडकलेलं यायला हवं होतं," ती म्हणाली. "सहादाच आलं. मला आधी वाटलं, चिठ्ठी खोटी आहे. पेन उचललंही होतं. मग वाटलं, तडकलेलं झाकण बोटाला लागतं, माझा हात ते टाळत असणार. माझ्या हाताला खोडच आहे. केली सही."

"मग बरोबर केलंस," मामा म्हणाला.

"माझ्या मागून आमच्या कारखान्यातला बॉयलरवाला गेला. त्याला पाचदा आलं. त्याने लिहिलं, चिठ्ठी खोटी. साहेबांनी सगळ्यांसमोर खोकं उघडलं. तडकलेलं एकच होतं, मामा. तेच तर बघत होते ते. खुर्ची त्याला मिळाली."

मग थोरलीने मला खुंटीवरून काढलं, नाडी सोडली आणि कापायच्या टेबलावर उलटी केली. एकेक बटण बोटाने बाजूला सरकवत मोजलं.

"नऊ."

मामाने चष्मा लावला, मला उचललं, उजेडाकडे धरलं. "भोक असणार हिला. पडलं असेल कुठेतरी."

मला! दुहेरी शिवणीच्या पिशवीला! थोरलीने मला त्याच्या हातातून घेतलं, तोंड आवळून आत फुंकर मारली. मी टम्म फुगले. इतक्या दिवसांत कोणीतरी मला नीट तपासत होतं, पण वेळ निघून गेल्यावर.

"भोक नाही," ती म्हणाली. मग तिने मान वर केली आणि तिची नजर मामाच्या छातीवर थांबली. चार बटणं साधी, दुसरं निळ्या कडेचं.

"आई, हे कधी लावलंस?"

आईने सुईत दोरा ओवायचं नाटक केलं. दोरा आधीच ओवलेला होता.

"आई."

"तुटलं त्याच दिवशी."

"म्हणजे मी मोजायला लागले त्याच्या आधी. आणि मामा माझ्या हाताला नावं ठेवत होता तेव्हा तू इथेच होतीस."

"मामा घरदार सोडून तुझ्यासाठी आला होता गं. त्याला तोंडावर कसं पाडू?"

"म्हणून मला पाडलंस."

बस्स, एवढंच बोलली. रडली नाही, आरडाओरडा नाही. टेबलावरची नऊ बटणं डब्यात टाकली आणि आत गेली. मामाने खाकरून "नशीब, दुसरं काय," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शर्टात निघून गेला.

आता माझ्यात शिंप्याचे खडू असतात. अंग सगळं निळं-पांढरं झालंय. थोरली पॅकिंगला जाते. संध्याकाळी पाय बादलीत सोडते, पण वही घेत नाही, आणि आईने काही विचारलं तर "हं" म्हणते. माप द्यायला येणाऱ्या बायका चौकशी करतात, काय झालं हो पोरीच्या परीक्षेचं? तेव्हा आई कापडावरची नजर न काढता सांगते, "पिशवीला भोक होतं, बटण पडलं, अभ्यास बिघडला." आणि मी तिच्या कोपरापाशी लटकलेली असते!

तुमच्या घरात कोणी अभ्यासाला बसलं असेल, तर एवढं करा: त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी पिशवी उलटी करून मोजा. जमेल का तुम्हाला? मला शंका आहे.

लोक मला विचारतील तर मी मामाचं नाव घेणार नाही. तो मूर्ख आहे, आणि मूर्खाला आपलं बटण कुठून आलं हे माहीत नसतं. बॉयलरवाल्याने आपलं काम केलं. थोरलीने तर सहाशे वेळा खरं तेच लिहिलं. घरात एकच माणूस होतं ज्याला उत्तर ठाऊक होतं, ज्याच्या पायाशी बटणांचा डबा होता आणि ज्याने रोज पोरीला स्वतःच्या हातावर चापट मारताना बघून मशीन चालू ठेवलं. माझ्या टाक्याटाक्यात तिचाच हात आहे, तरी सांगते. आई.