थंडबाबांचा आशीर्वादाचा हात

जेवणाच्या सुट्टीत आमच्या इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या चादरींच्या ढिगांवर बायका बसल्या होत्या, यंत्रांना पुरुष टेकले होते आणि मध्ये उभे होते भगव्या कफनीतले थंडबाबा. एक हात आशीर्वादाला वर आणि त्याच दंडावर ब्लडप्रेशर मोजायचा पट्टा. मशीनवर आकडा उमटला, एकशे बारा!

"पाहिलंत? माझं रक्त थंडगार!" बाबा गरजले. "तुम्ही डोंगरापलीकडून आलेली माणसं, तुमच्या कुळाचं रक्तच तापट. त्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या इथल्या लोकांसाठी केल्यात. तुम्हाला काय लागू पडणार?"

माना डोलल्या. मी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातली नर्स, इस्त्रीवाल्या मावशीला शोधत आले होते. तीन आठवडे ती गोळ्या न्यायला फिरकली नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीनेही अशाच गोळ्या सोडल्या आणि तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आता मावशीच तिला भरवते.

मावशीचा नंबर लागला. ती कामावरून धावत आलेली, धापा टाकत उभी, हात खाली लोंबता. आकडा एकशे चौऱ्याऐंशी. सगळे हळहळले. मग बाबांनी तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले, तिची बाही दंडापर्यंत सारली आणि तिचा हात अलगद उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. "तुझा ताप मी ओढून घेतो, लेकी." पाच मिनिटांनी मशीन लावलं, तर एकशे अठ्ठेचाळीस. मावशी रडायलाच लागली.

"बाबा, पट्टा पुन्हा तुमच्याच दंडाला बांधा," मी पुढे झाले. "फक्त आशीर्वादाचा हात खाली सोडा."

"अश्रद्धांपुढे मी प्रयोग करत नाही."

"आत्ता तर केलात!" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले, बाबांना माघार घेता येईना. हात खाली लोंबला. मशीन घरघरलं. एकशे चाळीस!

"अगंबाई, बाबा आपल्यातलेच निघाले की!" चादरींवरून एक आजी ओरडली.

मग मी सगळं उलगडून सांगितलं. दंड छातीच्या वर नेला की आकडा उतरतो, खाली सोडला की चढतो. धावून आलं की चढतो, निवांत बसलं की उतरतो. रक्त कुणाचंही असो. मावशीचा हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवून मी थांबले आणि मोजलं. एकशे सत्तर. तोवर बाबांनी पिशवी भरायला घेतली होती.

मला वाटलं, आता मावशी गोळ्या मागेल. तिने पट्टा सोडून माझ्या हातात दिला.

"सिस्टर, त्याने लबाडी केली, कळलं मला. पण माझा हात हातात घेतला त्याने. अकरा वर्षांत तुम्ही कधी माझी बाही तरी वर केलीत?"

डोंगरापलीकडच्यांची रांग आली की आम्ही युनिफॉर्मच्या जाड बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचो. हात लागायला नको म्हणून. इतरांना मात्र नीट बसवून, बाही सारून मोजायचो. मला लाज वाटली, अजूनही वाटते.

मावशीला सोबत घेऊन, तिची फाइल काढून मी डॉक्टरांकडे गेले. सहा वर्षांत डोस बदललेला नव्हता.

"साहेब, एकशे सत्तर आहे. या वेळी नीट मोजलंय. औषध वाढवायला हवं."

"सिस्टर, या लोकांचं रक्तच तसं असतं," ते मान वर न करता म्हणाले.

"हेच आत्ता तळघरात ऐकून आले, साहेब. तिथे हे एक बाबा सांगत होता. तिला इस्त्रीच्या वाफेत दुहेरी पाळ्या, वर अपुरं औषध, आणि आपण बोल लावायचा रक्ताला?"

साहेबांनी मान वर केली. दाराबाहेर बाकावर मावशी बसली होती, बाही दंडापर्यंत सारून.

"बोलवा त्यांना," ते म्हणाले.

तेव्हा वाचकहो, कुणी तुम्हाला रक्ताची जात सांगू लागला, तर तो भगव्या कफनीत असो की पांढऱ्या कोटात, त्याला आधी एवढंच विचारा: मोजलं कसं? बाही वर केली होती का?