माफी, माफी आणि माझी खरखर

मित्रांनो, मी एक जुना गिटार-अँप्लिफायर आहे. चौकोनी, काळा, चार कोपऱ्यांपैकी तीन शाबूत. गिटारची वायर माझ्यात खुपसली की तिचा बारीक आवाज मी मोठा करतो. माझ्या पोटात कागदाचा गोल पडदा आहे आणि त्या पडद्याला बुटाच्या टोकाएवढी फट आहे. ही फट नसती तर एक गाणं जन्मलं नसतं, आणि दोन मित्र पंधरा वर्षं घोळात राहिले नसते. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. वीज आली की कुणी न वाजवताही मी गुणगुणतो. तेवढं सहन करा.

माझा कारखाना कुठला ते पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. उन्हाने ती अक्षरं उडाली. मला आठवतं ते कुवेतच्या शुक्रवारच्या बाजारापासून. एका बाजूला व्यायामाची मोडकी सायकल, दुसऱ्या बाजूला झुंबर, मधे मी. तिथून मला इद्रीसने उचललं. इद्रीस दापोलीकडचा, कुवेतच्याच हवल्ली भागात अत्तराच्या दुकानात कामाला. गंमत अशी, की गिटार त्याला येतच नव्हती. ती यायची त्याच्या खोलीत राहणाऱ्या दत्तप्रसादला. हा कणकवलीचा, एसी दुरुस्त करणारा. "तू वाजव, मी बादल्या बडवतो," इद्रीस म्हणाला आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या पालथ्या घालून बसला. दर शुक्रवारी हा कार्यक्रम. शेजारचा मुकेश वैतागून भिंतीवर बुक्के मारायचा, पण तेही तालात. मी तेव्हा फार गोड वाजत होतो.

मग दत्तप्रसादच्या धाकट्या बहिणीचं, रत्नमालाचं, लग्न ठरलं. त्याने रजेचा अर्ज दिला. मुदीर, म्हणजे त्याचा साहेब, अर्जाकडे न बघताच म्हणाला, "माफी."

इथे जरा थांबा. आपल्या माफीचा या माफीशी काही संबंध नाही. कुवेतमध्ये 'माफी' म्हणजे 'नाही'. पाणी माफी, लिफ्ट माफी, रजा माफी. नवीन आलेल्या मराठी माणसाला पहिले चार दिवस वाटतं, इथली माणसं काय नम्र आहेत, उठसूट क्षमा मागतात! पाचव्या दिवशी त्याला कळतं.

दत्तप्रसाद तीनदा गेला आणि तीनदा माफी घेऊन आला. लग्नाच्या दिवशी दुपारी तो खोलीत शिरला आणि बूटही न काढता समोर जे होतं त्याला लाथ घातली. समोर मी होतो.

मग तो घाबरला. अँप इद्रीसचा! त्याने माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. अपराधी माणसाला सुचणारा हा पहिला उपाय. थोड्या वेळाने, मी चालतो की नाही बघायला, त्याने गिटार लावली. मी चाललो, पण घशात खडे भरून कुणी ओरडावं तसा. दत्तप्रसाद थबकला. सकाळपासून छातीत जे घुसमटत होतं ते त्याला बाहेर ऐकू आलं. या जातीच्या गाण्याला ग्रंज म्हणतात, हे मला नंतर कळलं. गिटार मळकी, आवाज फाटका, आणि गाणारा जगावर चिडलाय की स्वतःवर, हे त्यालाही ठाऊक नसतं.

दुसऱ्याच दिवशी इद्रीसला फट दिसली. "दत्ता, हे काय?"

"माका काय म्हायती? बाजारातून आणलंस तेव्हाच असतला."

"माझ्या अँपवर तुझ्या बुटाचा नंबर छापलाय, आणि म्हणे बाजारातून!"

बोलणं बंद. आठ दिवस खोलीत साखरेचे दोन वेगळे डबे होते.

पुढच्या शुक्रवारी इद्रीस नमाजाहून परतला तेव्हा दत्तप्रसाद डोळे मिटून आपलं नवं गाणं गात होता. कडव्यांत सगळं होतं: मुदीर, अर्ज, रत्नमालाची हळद. पण ते शब्द माझ्या खरखरीत बुडाले. वर आला एकच: "माफी! माफी! माफी!" इद्रीस दारातच थांबला. अरबी त्याला दत्तप्रसादपेक्षा जास्त येत होतं; दुकानात दिवसभर तो गिऱ्हाइकांना तेच सांगायचा, हे अत्तर माफी, ते माफी. पण जो माफीची वाट बघत असतो, त्याला तो शब्द एकाच भाषेत ऐकू येतो. त्याने दत्तप्रसादला मिठी मारली.

"बस कर रे! केव्हाच माफ केलं मी."

दत्तप्रसादने तोंड उघडलं. मी वाट बघितली. त्याने तोंड मिटलं आणि साखरेचे दोन डबे एकात ओतले.

गाणं मुकेशने मोबाइलवर टिपलं आणि ते ब्लूटूथवरून खोलीखोलीत पसरलं. एकट्या राहणाऱ्या कामगारांनी ते 'नाही'चं गाणं म्हणून गायलं. डाळीत मीठ नसलं तरी गायचे. एगैला भागात बायकामुलांसह राहणाऱ्या बिऱ्हाडांनी ते पश्चात्तापाचं मानलं. पेला फुटला की मुलं आईसमोर हेच म्हणायची. दोन्हीकडे डोळे ओले झाले. माझं मात्र कौतुक कुणी केलं नाही. इद्रीसचं लग्न झालं, शहरबानू आली, आणि मी लोणच्याच्या बरणीचं स्टूल झालो. तेलाचे डाग आजही दाखवू शकतो.

यंदा इद्रीसने कायमचं गावी जायचं ठरवलं. त्याची चौदा वर्षांची मुलगी लुबना गिटार वाजवते. तिने दत्तप्रसादला फोन लावला.

"दत्ताचाचा, सेंड-ऑफला मी अब्बांचं गाणं वाजवणार. बट लिरिक्स कळतच नाहीत. ओन्ली माफी माफी. बाकीचं लिहून द्या ना."

"बाकीचा... रवांदे गो."

"व्हाय? सॉरी सॉंग आहे ना? अब्बा तर सगळ्यांना सांगतात."

शनिवारी तो आला, सामानाच्या खोक्यांत माझ्याजवळ बसला आणि कागद काढला. आधी खोटी कडवी लिहिली: मित्रा, मी चुकलो, वगैरे. इतकी पाणचट, की माझी जाळी शहारली. ती त्याने फाडली. मग खरी लिहिली आणि लुबनाला न देता थेट इद्रीसच्या हातात ठेवली.

इद्रीसने दोनदा वाचलं. "रजा माफी, तिकीट माफी... ही तर अरबी माफी."

"होय."

"आणि माझी?"

"तुझी मी मागितलीच नव्हती, इद्रीस."

खोक्याला पट्टी लावणारा शहरबानूचा हात थांबला.

"पंधरा वर्षं मी सांगत फिरलो, मित्र बघा माझा, गाणं रचून माफी मागणारा! आणि ती लाथ?"

"मीच मारली."

"ते बुटाने तेव्हाच सांगितलं होतं. तू कधी सांगितलंस?"

"आत्ता. माफ कर मला."

"नाही," इद्रीस म्हणाला. स्वच्छ मराठीत. "आज नाही. विमान गुरुवारी आहे. तोवर रोज ये आणि रोज माग."

दत्तप्रसाद रोज आला. रविवारी भांडी बांधली आणि मागितली. नाही. सोमवारी पलंग सोडवला आणि मागितली. नाही. मंगळवारी शहरबानूच कळवळली, "आता पुरे करा की!" इद्रीस म्हणाला, "तू बोलू नको. अजून कपाट बाकी आहे."

बुधवारी सेंड-ऑफ. लुबनाने वायर माझ्यात खुपसली आणि विचारलं, "अब्बा, विच माफी?"

"लिहिलीय तीच. आणि कडवी नीट म्हण."

तिने नीट म्हटली. रत्नमालाची हळद पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आली. खोलीभर बसलेले कामगार खाली बघत राहिले. गाणं संपल्यावर दत्तप्रसाद उठला आणि नेहमीप्रमाणे इद्रीससमोर उभा राहिला. इद्रीसने त्याला बोलूच दिलं नाही. माझ्याकडे बोट केलं.

"घेऊन जा ह्याला. तुझा आहे."

तीन मजले दत्तप्रसादने मला छातीशी धरून उतरवलं. वरून इद्रीस कठड्यावर वाकून ओरडत होता, "सांभाळून रे! पुढची पायरी फुटलीय!"

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू तुमच्या हातून मोडली, तर त्याच दिवशी सांगा, आणि त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. आम्हां जुन्या वस्तूंना उचलताना दोन्ही हात लावा. एका हाताने उचललेला अँप आणि अर्ध्या तोंडाने सांगितलेली गोष्ट, दोन्ही हमखास जिन्यात पडतात.