गालिच्यावरचा खून

पडद्यावर कुणी चाललं की त्याच्या पावलांचा आवाज मी देते. शूटिंगच्या वेळी माइक बोलणं टिपतो, पावलं नीट येत नाहीत. म्हणून नंतर स्टुडिओतल्या एका खोलीत मी पडद्याकडे बघत कधी फळीवर, कधी फरशीवर, कधी खडीच्या ट्रेमध्ये त्या त्या माणसाच्या ठेक्यात चालते. अकरा वर्षं एकाच मालिकेसाठी चालते आहे. मालिका खुनांची, पण हलकीफुलकी. दर भागात एक जण मरतो आणि कुणाच्या पोटातलं पाणी हलत नाही. खुनी शोधून काढते ती एक निवृत्त ग्रंथपाल. तिला सगळे मावशी म्हणतात. मावशीचा चेहरा त्या नटीचा, पावलं माझी.

आणि मी पडले. कामावर पडले असते तर निदान चारचौघांत सांगायला बरं. मी घरात खिडकीच्या पडद्याचा हूक बसवायला स्टुलावर चढले आणि डावा घोटा मोडून घेतला. सहा आठवडे प्लास्टर. थोरल्या बहिणीनं येऊन घराचा ताबा घेतला आणि "पन्नाशी उलटली तरी हिला..." असं जे सुरू केलं ते अजून संपलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे आमचे ध्वनिमुद्रक. शिकवत कुणालाच नाहीत, चुका मात्र सगळ्यांच्या काढतात.

"बाई, कंपनीचे साहेब म्हणताहेत, पुढच्या भागाची पावलं तुम्हाला जमली नाहीत तर कॉम्प्युटरमधली तयार पावलं घालायची. आणि एकदा घातली की मग कायमचीच."

"मग घाला की! मी काय एका पायावर लंगडी घालत येऊ?" असं म्हणून मी फोन आपटला.

घाला म्हणणं सोपं होतं. मला दुसरं काही येत नाही, ही खरी गोष्ट. लोक निवृत्त होतात, फुलझाडं लावतात. मला रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या बुटाची टाच कुठून झिजली आहे तेवढं ऐकून सांगता येतं, आणि त्याचा उपयोग जगात एकाच खोलीत होतो. ताईसमोर मी रडले नाही. ती भाजी आणायला गेली तेव्हा रडून घेतलं.

त्याच आठवड्यात ती नटी भेटायला आली. फळं आणली, तब्येत विचारली आणि मग म्हणाली, "बाई, जरा पाणी देता?" ताई घरात असताना! मी कुबड्या घेऊन स्वयंपाकघरात गेले, झाकणाचा पेला खांद्याच्या पिशवीत घालून आले. तर ही म्हणते, "अजून एक देता?" प्लास्टर घातलेल्या बाईला दोन खेपा घालायला लावल्या. ती गेल्यावर मी तिचा असा काही उद्धार केला की ताईसुद्धा गप्प बसली.

पाचव्या आठवड्यात पुन्हा मास्तर. "गुरुवारी या. नवा भाग आलाय."

"अहो, प्लास्टर आहे अजून."

"प्लास्टरसकट या."

गेले. मास्तरांनी पडद्यासमोर हाताची खुर्ची मांडून ठेवली होती, पायाखाली उशी. भाग सुरू झाला. पहिल्याच दृश्यात मावशी पुस्तकं लावताना शिडीवरून घसरते आणि पाय मोडून घेते. पुढे बुद्धिबळ क्लबच्या अध्यक्षांचा खून होतो, तर ही त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाय स्टुलावर टाकून बसते आणि संशयितांना एकेक करून समोर बोलावते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाई उठायलाच तयार नाही.

"लेखिकेला झालंय काय?" मी विचारलं. "आळशी नुसती! बसल्या जागी खून सोडवायचा म्हणजे काय?"

"तुम्ही कपबश्यांचे आवाज द्या आधी," मास्तर म्हणाले.

कपबश्या दिल्या. बुद्धिबळाच्या सोंगट्या दिल्या, कागद दिले, मावशीच्या शालीची सळसळ दिली. सगळं बसून होणारं काम. पण चालणाऱ्यांचं काय? संशयित पाच, ते तर ये-जा करत होते. मी पडद्याकडे नीट बघितलं. खोलीभर जाड गालिचा. शिवाय मेलेल्या अध्यक्षांचा नियम असा, की नव्या गालिच्यावर कुणी बूट घालून यायचं नाही. सगळे मोज्यांवर. पोलीससुद्धा मोज्यांवर! जाड गालिचा आणि त्यावर मोजे, म्हणजे आवाजच नाही. मी खुर्चीत बसल्या बसल्या हातानं उशी थोपटली की पुरे.

अकरा वर्षं खून बघितल्यावर माणसाला थोडी तरी अक्कल येते. मी मास्तरांना चित्र थांबवायला सांगितलं.

"मावशीचा कुठला पाय मोडलाय?"

"डावा," मास्तर बटणांकडे बघत म्हणाले.

"घोटा?"

"असेल."

"प्लास्टर खरं दिसतंय."

"खरंच घातलं होतं त्यांनी. नऊ दिवस. म्हणाल्या, खोट्यानं चाल येत नाही."

तेव्हा मला ते दोन पेले पाणी आठवलं. ती तहानलेली नव्हतीच मुळी. मी कुबड्या कशा टाकते, कुठल्या पायावर भार देते, वळताना कुठे थांबते, ते ती बघत होती, आणि मी तिला घरभर शिव्या देत होते.

"मास्तर, कुणाकुणाचं हे कारस्थान?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी लेखिकेला फोन केला. त्यांनी लिहिलेला भाग फाडून चार दिवसांत हा लिहिला. गालिचा त्यांचा, मोजे त्यांचे. पाय नटीबाईंचा. साहेबांना कुणी काही बोललं नाही." मग चष्मा चढवत म्हणाले, "माझा फक्त फोन."

मला लाज वाटली. त्या लेखिकेशी माझं कधी पटलेलं नाही. "तुमची माणसं उगाच जिने चढतात" असं मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे, तेही चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर.

"म्हणजे दया आली तुम्हाला सगळ्यांना," मी म्हटलं. वाकडं बोलायची सवय जात नाही.

"दया असती तर शेवट असा नसता. बघा तर खरं."

शेवट असा: सगळ्यांचे मोजे तळाशी मळलेले, क्लबच्या चिटणिसाचेच कोरे. अध्यक्षांना दिलेलं विषाचं दूध सांडलं त्यात ओले झाले म्हणून त्यानं बदललेले. हे कळल्यावर मावशी उठते, कुबड्या घेते, आणि गालिचा संपतो तिथून पुढे लाकडी व्हरांड्यात चिटणिसाकडे चालत जाते. चौदा पावलं. संगीत नाही, संवाद नाही. पूर्ण भाग शांत ठेवला होता तो या चौदा पावलांसाठी.

"लेखिका म्हणाल्या, एवढं चालणं बाईंनीच द्यायला हवं, दुसऱ्या कुणाला येणार नाही," मास्तर म्हणाले. "उठा आता."

मी फळीवर उभी राहिले. चाल माझीच होती, पडद्यावर गेलेली. सहाव्या पावलाला माझं नाक वाहायला लागलं.

"बाई, नाक ओढलंत. परत."

दुसऱ्या खेपेला कुबडी घसरली. तिसऱ्या खेपेला चौदाच्या चौदा पावलं तिच्या पावलांवर पडली. मास्तरांनी चूक काढली नाही म्हणजे काय ते मला माहीत आहे.

मंगळवारी साहेब ऐकायला आले. त्यांनी कॉम्प्युटरची पावलंही करून आणली होती. कॉम्प्युटरकडे धडधाकट माणसांची पावलं ढीगभर. ती कापून, मागेपुढे करून त्यांनी लंगडी केली होती. ऐकताना वाटत होतं, दोन माणसं भांडत भांडत जिना उतरताहेत. मग मास्तरांनी माझी लावली. साहेबांनी ती दोनदा ऐकली.

"राहू द्या बाईंना," ते म्हणाले आणि घड्याळ बघत निघून गेले. एवढंच.

घरी येऊन आधी लेखिकेला फोन लावला. मला आभार मानता येत नाहीत. तरी म्हटलं, "तुमचे फार उपकार झाले. आणि ते जिन्याचं बोलले होते, ते मागे घेते." ती हसली आणि म्हणाली, जिन्याचं खरंच होतं.

मग नटीला लावला. पाण्यावरून काय काय बोलले होते ते सगळं कबूल केलं. नऊ दिवस तुम्ही तो जड पाय माझ्यासाठी वागवलात, असंही म्हटलं.

"अहो बाई," ती म्हणाली, "अकरा वर्षं मी नुसती पाय उचलते, वाजता ते तुम्ही. नऊ दिवस बसायला मला काय झालं?"

ताईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "ती रडतेय. पण तुम्ही बोलत राहा, ती ऐकतेय."