पागुमेची सहा तारीख

"चुकीची तारीख माझ्या प्रोग्राममध्ये शिरूच शकत नाही," असं बिसरात इतक्यांदा म्हणायचा की त्याच्या डोक्यात लॅपटॉप घालावासा वाटे. मी त्याची वरिष्ठ, म्हणून नुसतं वाटून घ्यायचे. जन्मनोंदणीच्या प्रोग्रामचं त्याचं काम मात्र चोख होतं. तारीख हा त्याने वेगळा टाइपच, म्हणजे माहितीचा स्वतंत्र प्रकारच, केला होता आणि ती बनवणारं फंक्शन एकच. दिवस, महिना, वर्ष द्यायचं; पटलं तर तारीख मिळणार, नाहीतर चक्क नकार. मागचं दार नाही. एकदा आत आलेल्या तारखेवर पुढे कोणी संशय घेत नसे.

आमचं वर्ष तेरा महिन्यांचं; शेवटचा पागुमे, मोजक्या दिवसांचा. त्याच्या अखेरीला, नववर्षाच्या आदल्या दुपारी प्रसूतिगृहातून सिस्टर झेनेबेवोर्कचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बिसरात, बाळ आज झालंय, पागुमेच्या सहाला. तुझा प्रोग्राम म्हणतो, असा दिवसच नाही!"

"सिस्टर, तेराव्या महिन्याला दिवस पाचच. नीट बघा."

"काय बघू? बाळ माझ्या हातात बोंबलतंय!"

बिसरातने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तिथेही आज सहा तारीखच होती. "छपाईची चूक असेल," तो पुटपुटला. हे ऐकून मी कपाळावर हात मारला.

कार्ड छापल्याशिवाय बाळंतिणीला सोडत नाहीत, आणि या बाळाच्या आईला, तिरुनेशला, सणाला घरी पोचायचं होतं. "पाच लिहू का? पाच घेतोय प्रोग्राम," असं सिस्टरने विचारल्यावर मागून तिरुनेशचाच आवाज आला, "पाचला मी दिवसभर कळा देत होते! आज सकाळी उजाडल्यावर ही आली. ओरडत होते तेव्हाच झाली म्हणून लिहून देऊ?"

"एवढ्यापुरती तपासणी काढ रे," मी म्हटलं.

"आज एक तशी घेतली की उद्या शंभर घ्यायला लावाल तुम्ही. दर चौथ्या वर्षी सहा दिवस असतात, ते घातलंय मी. पण हे चौथं वर्ष नाही!"

ऑफिसात कॉफी करणाऱ्या इमामा वोसेने दुसरी फेरी ओतता ओतता थांबल्या. "लूकचं वर्ष आहे की रे! यंदा नाही तर कधी सहा?" त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "मत्तय, मार्क, लूक, योहान. बायबलातल्या या चौघांची आळीपाळीने वर्षं. चर्चमध्ये दर वर्षी सांगतात. झोपतोस का तिथे?"

बिसरातने फंक्शन उघडलं. वर्षाला चाराने पूर्ण भाग जावा, असा नियम होता, परदेशी धड्यातून जसाच्या तसा उचललेला. आमच्याकडे चाराने भागून तीन उरावे लागतात, तेच लूकचं वर्ष. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला जे ठाऊक, ते आमच्या हुशार पोराला नव्हतं.

एक ओळ बदलली. पंधरा मिनिटांत सहा तारीख आत गेली, कार्ड छापलं, आणि फोनमधून बायकांचं आनंदाचं इलिलिली ऐकू आलं.

"बघा," बिसरातने कप उचलला, "नियम सुधारला, पण दार नाही फोडलं."

"बरं झालं बाबा," सिस्टर म्हणाली. "ही भांडली म्हणून. आज सकाळच्या बाकीच्या तिघी बाळंतिणींनी कुठे वाद घातला? पाच लिहून घेतली आणि गेल्या घरी."

बिसरातने कप तसाच खाली ठेवला. खऱ्या तारखेला त्याने बाहेर उभं केलं होतं आणि तीन खोट्या बिनबोभाट आत घेतल्या होत्या.

"सिस्टर," जाकीट चढवत बिसरात म्हणाला, "त्या तिघींचे पत्ते द्या."